मनकर्णाबाईंच्या रिकाम्या जागा

आमच्या खात्याच्या बढतीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो आणि दोन्ही वेळा एकाच दुखण्यानं: ‘योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.’ नियम, पोटनियम, रजेचे अठरा प्रकार मला तोंडपाठ. पण शब्दसंग्रहाचे पंचवीस प्रश्न आले की पडद्यावरचे चारही पर्याय मला एकाच आईची लेकरं दिसायला लागतात. ‘त्याच्या चेहऱ्यावर _____ भाव होते.’ निर्विकार, निर्व्याज, निरागस, निगरगट्ट. आता ज्याचा चेहरा मी पाहिलाच नाही त्याच्यावर कसले भाव होते, हे मी कसं सांगणार? आमच्या साहेबांचं म्हणाल तर चारही चालतात. वार कोणता त्यावर आहे.

तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली तर ऋतुराज माझा साहेब होणार होता. हा पोरगा आठ वर्षांपूर्वी खात्यात आला तेव्हा फाइलला दोरी कशी ओवायची हे त्याला मी शिकवलं. तो पहिल्या फटक्यात पास झाला. तोवर मला ‘काका’ म्हणायचा; निकाल लागला त्या दिवसापासून ‘रामप्रसाद’ म्हणायला लागला. पुढं ‘राव’सुद्धा नाही. मी मनात म्हटलं, हे अजून खुर्चीत बसलेलं नाही. बसल्यावर काय म्हणेल?

सल्ल्यांचा तोटा नव्हता. आमच्या वरच्या मजल्यावर काकासाहेब राहतात, वाळूजच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, “जिथं अडलं तिथं तिसरा पर्याय दाबायचा. मी जिंदगीभर हमेशा तिसराच दाबला, कधी चुकलो नाय.”

“तुम्ही कोणती परीक्षा दिली होती?”

“परीक्षा कसली? लिफ्टचं सांगतोय.”

मुलगी तनुजा हिनं मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. उत्तर बरोबर आलं की त्यात रंगीत कागद उडायचे आणि चुकलं की एक पोपट मान खाली घालायचा. आठ दिवस मी रोज त्या पोपटाला मान खाली घालायला लावली. नवव्या दिवशी त्याच्या डोळ्यांत मला आमचे साहेब दिसले, आणि ॲप काढून टाकलं.

शेवटी बायकोनं, आमच्या रत्नमालेनं, भिशीतून बातमी आणली. “पदमपुऱ्यात मनकर्णाबाई म्हणून एक रिटायर शिक्षिका आहेत. हेच शिकवतात, रिकाम्या जागा. त्यांच्याकडं गेलेला आजवर कुणी नापास झाला नाही म्हणे.”

“मग अडचण काय?”

रत्नमालेनं आवाज उतरवला. “पास झालेला एकही माणूस त्यांना पेढे द्यायला परत गेला नाही.”

मे महिन्यात दुपारी तीनला आमच्या शहरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पदमपुऱ्याच्या त्या गल्लीत माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. बसकं, एकमजली घर. अंगणात लिंबाचं झाड, त्याखाली सिमेंटचा हौद, हौदावर लोखंडी झाकण, आणि झाकणावर मसाला वाटायचा पाटा. मी फाटकाला हात लावायच्या आधीच आतून आवाज आला.

“या. तुम्ही तीनला येणार होतात, _____ दोन मिनिटं उशीर झाला.”

मधली जागा त्यांनी खरोखर रिकामी सोडली होती. एक श्वासभर. मी म्हणालो, “माफ करा, बाई.”

“माफी नको. शब्द.”

“...पण?”

“बसा.”

सत्तरीच्या बाई. पांढरी सुती साडी, बारीक अंगकाठी. नजर अशी की आपल्या मागं कोणी उभं आहे की काय, असं वाटावं. मी दोनदा वळून पाहिलंसुद्धा. खोलीत सहा बाकं होती आणि प्रत्येक बाकावर एक वही, एक टोक केलेली पेन्सिल. बाकी कुणी नव्हतं.

“बाकीचे विद्यार्थी अजून यायचेत?”

“तुम्ही एकटेच आहात.”

“मग या वह्या?”

“ज्यांच्या आहेत, त्यांच्या आहेत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कूलर सुरू केला. त्यातल्या ओल्या वाळ्याचा वास आला. एरवी मला तो आवडतो.

शिकवणं मात्र खणखणीत. पहिला नियम: पर्यायांवर तळहात ठेवायचा. वाक्य शेवटपर्यंत वाचायचं आणि आपल्या मनातला शब्द आधी घालायचा. मगच हात काढायचा. दुसरा नियम: वाक्याची बिजागरी शोधायची. ‘जरी’ दिसलं की पुढं वाक्य उलटं वळणार. ‘म्हणून’ दिसलं की सरळ जाणार. ‘इतकेच नव्हे’ दिसलं की आणखी चढणार. तिसरा नियम: येत नसेल तर जागा कोरी सोडायची. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, कोऱ्याला नाही.

“तो चालून चालून _____ झाला,” बाई म्हणाल्या.

“बेजार.”

“पर्यायांत ‘क्लांत’ आहे.”

“क्लांत म्हणजे?”

“बेजार.”

दहा दिवसांत माझे पंचवीसपैकी एकोणीस यायला लागले. पण एक गोष्ट मला खटकत होती. रोज बरोबर चार वाजता बाई बोलता बोलता थांबायच्या. बोट वर करायच्या. कूलर बंद करायच्या. मग फाटकाकडं कान लावून एक मिनिट बसायच्या. त्या मिनिटात लिंबाची पानंसुद्धा हलत नसत, शपथ. मिनिट झालं की कूलर सुरू, आणि ज्या शब्दावर वाक्य सोडलेलं त्याच शब्दापासून पुढं.

घरी मी बाईंचं घर, हौद, त्यावरचा पाटा एवढंच सांगितलं होतं; या मिनिटाची वाच्यता केली नाही. शिक्षकाला विचित्र म्हणणं विद्यार्थ्याला शोभत नाही, विशेषतः विद्यार्थी सत्तेचाळीस वर्षांचा असेल तर. पण एक दिवस रत्नमाला माझी वही घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी तिला पत्ता नव्हता.

“अहो, हा माणूस कोण आहे?”

“कोणता माणूस?”

“ह्या वाक्यांतला. सगळ्या वाक्यांत एकच माणूस आहे.”

मी वही घेतली आणि वाचली. ‘जरी आभाळ निरभ्र होते, तरी त्याने छत्री _____.’ ‘त्याने चष्मा टेबलावरच ठेवला होता, यावरून तो लांब जाणार नव्हता, हे _____ होते.’ ‘तो चार वाजता परतणार होता, _____ सहा वाजले.’ ‘शेजाऱ्यांनी विहिरी धुंडाळल्या, परंतु त्यांचा प्रयत्न _____ ठरला.’ पासष्ट वाक्यं होती. मी प्रत्येकात घेतली, उघड, तथापि, निष्फळ असे शब्द मोठ्या अभिमानानं भरत गेलो होतो, आणि शब्द बरोबर आला की मान डोलवत होतो. त्या पासष्ट वाक्यांमधून एक माणूस छत्री घेऊन फाटकाबाहेर पडला होता आणि परत आला नव्हता. घरात पंखा फुल्ल होता, बाहेर बेचाळीस डिग्री. मी उठून पंखा बंद केला.

रत्नमालेनं काकासाहेबांना हाक मारली. ही तिची चूक. काकासाहेबांनी बिनचष्म्यानं पाच वाक्यं वाचली, मग चष्मा लावून तीच पाच पुन्हा वाचली, आणि म्हणाले, “खून.”

“कुणाचा?”

“नवऱ्याचा. बाईनं केला. आन् हौदात टाकला.”

“काकासाहेब,” मी म्हणालो, “हौद आपल्याकडंही आहे. पाणी आठव्या दिवशी येतं, हौद कुणाकडं नाही?”

“आपल्या हौदावर पाटा हाय का?”

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं वाटत होतं, पण ऋतुराजनं त्याच सकाळी मला ‘अरे रामप्रसाद’ म्हटलं. भीती आणि अपमान यांत अपमान जड असतो. मी गेलो.

बाईंनी त्या दिवशी कैरीचं पन्हं दिलं. याआधी त्यांनी कधी काही दिलं नव्हतं. त्या आत गेल्याचं पाहून मी ते खिडकीतल्या कुंडीत ओतलं. दुसऱ्या दिवशी कुंडीतलं झाड मान टाकून पडलेलं होतं. ऊन असेल, मी स्वतःला सांगितलं, ऊनच असणार. बाईंनी झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“झाडाला पन्हं _____ नाही.”

“मानवत,” मी म्हणालो.

“बरोबर,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य घेतलं.

काकासाहेबांनी मला न विचारता मोहीम आखली. आमच्या सोसायटीचा हौद धुणारा फकिरा, त्याला त्यांनी सोबत घेतलं आणि एका दुपारी, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, बाईंच्या फाटकाशी येऊन ओरडले, “हौद सफाई! मोफत मोहीम!” मी आत बाकावर बसलेलो. अंगणात पाटा सरकवल्याचा आवाज आला, लोखंडावर दगड घासत गेल्याचा. मग झाकण. मग शांतता. मग एक बारीक ‘डुबुक’, आणि पाठोपाठ काकासाहेबांचा आवाज, “आरं देवा!”

मी उठून दारात गेलो. फकिरा कपडे काढून हौदात उतरला होता. छातीएवढ्या पाण्यात बुडी मारून तो दिसेनासा झाला. काठावर काकासाहेब दोन्ही हात डोळ्यांपुढं धरून उभे. मी मोजत होतो. वीस. तीस. पाण्यावर एक बुडबुडा आला. मग फकिरा वर आला आणि ओरडला, “सापडला!”

मी चौकट धरली.

“काय सापडलं रे?” काकासाहेब कसेबसे म्हणाले.

“तुमचा चष्मा! अजून काय टाकलं व्हतं?”

आठ दिवसांचं पाणी गढूळ झालं होतं. माझ्या मागून बाईंचा आवाज आला, शांत, एकेक शब्द सुटा: “त्यांनी हौद ढवळला, _____ त्यांना पाणीच सापडले.”

काकासाहेब चष्म्यावाचून आंधळे, मी चौकट धरून. हौदातून फकिराच म्हणाला, “पण.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “टॉवेल देते.”

मग काकासाहेबांचा जो धीर सुटला तो असा, की फकिराला हौदातच सोडून ते रिक्षानं घरी गेले. फकिरा अंग पुसून, झाकण लावून गेला. मी परत बाकावर बसलो, कारण उठून कुठं जायचं हे सुचत नव्हतं. चार वाजले. बाईंनी बोट वर केलं, कूलर बंद केला, एक मिनिट ऐकलं. आणि त्या दिवशी कूलर पुन्हा सुरू केला नाही.

“पाटा मांजरीसाठी ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “झाकण सैल आहे, ती पडायची.”

मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

“माझे यजमान, शिवराज. आम्ही दोघं मिळून परीक्षेची गाइडं तयार करायचो. वाक्यं ते लिहायचे, पर्याय मी. अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते. ते दारात चपला घालत होते. म्हणाले, ‘मी जरा अमुक ठिकाणी जाऊन येतो, चारपर्यंत आलोच.’ नेमकी त्या ‘अमुक’वर कुकरची शिट्टी झाली. मी ‘हं’ म्हटलं.” त्या थांबल्या. ती जागा भरायला त्यांनी मला सांगितलं नाही. “पोलिसांनी तक्रार लिहून घेताना विचारलं, कुठं जातो म्हणाले? मी म्हटलं, ऐकू आलं नाही. शिट्टीचं सांगितलं नाही. कुकरच्या शिट्टीत नवरा हरवला, हे सांगायची लाज वाटली. कुणालाच सांगितलं नाही आजवर. तुम्हीच पहिले. तुम्ही माझा हौद उपसायला माणसं आणलीत, तेव्हा तुमच्यापुढं कसली लाज?”

“बाई, मी नव्हती आणली...”

“शेवटच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे एकच वाक्य घालते. ‘मी जरा _____ जाऊन येतो.’ पर्याय देत नाही. तुमचा तो दिवस आजच समजा.”

त्यांनी कपाटातून एक जाड वही काढून माझ्यापुढं उघडली. पानामागून पान. वेगवेगळ्या अक्षरांत एकेक शब्द: बाजारात. दळणाला. टपालात. वाळूजला. बिडकीनला. अजिंठ्याला. दवाखान्यात. बहिणीकडं. प्रत्येक शब्दापुढं बाईंच्या बारीक अक्षरात एक तारीख होती.

“या तारखा?”

“त्या त्या ठिकाणी जाऊन आले. अजिंठ्याला तीनदा. बिडकीनला पायी वस्त्या फिरले. तुमच्यासारखी माणसं सांगतात ना एक शब्द, मोठ्या विश्वासानं सांगतात. मग जावं लागतं.”

पेढे घेऊन कुणी परत का येत नसे, ते मला कळलं: आपल्या शब्दापायी बाईंची आणखी एक खेप फुकट गेली, हे ऐकायला कोण येईल? मी पेन्सिल हातात धरली. त्या वहीत माझ्या हातून एखादा शब्द पडला असता, तर एक सत्तर वर्षांची बाई उन्हात त्या गावाला गेली असती. मी पेन्सिल खाली ठेवली.

“मला येत नाही, बाई. कोरी सोडतो.”

बाईंनी वही मिटली. “तुम्ही पास व्हाल,” त्या म्हणाल्या.

परीक्षेचं केंद्र चिकलठाण्याकडं होतं. फाटकावर आमचं गाडं अडलं. आधार कार्डावर पत्ता औरंगाबादचा, प्रवेशपत्रावर छत्रपती संभाजीनगरचा. तिथला माणूस म्हणाला, “तुम्ही शहर बदललंय, तसा पुरावा जोडला नाही.” मी म्हणालो, “बाबा, नाव बदललंय. मी आहे तिथंच आहे, त्याच घरात, त्याच नळाखाली.” तो म्हणाला, तसं लिहून द्या. मग ‘मी आहे तिथेच आहे’ असं हमीपत्र मी तीन प्रतींत लिहून दिलं. पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसानं लिहिलेलं इतकं खरं वाक्य दुसरं नसेल.

पहिले अठरा प्रश्न मी सपासप सोडवले. एकोणिसावा पडद्यावर आला.

‘कुकरच्या शिट्टीमुळे तिला त्याचा शब्द ऐकू आला नाही, _____ त्याने तो पुन्हा उच्चारला नाही.’

मी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलले. हॉलमध्ये ऐंशी माणसं, ऐंशी उंदरांची टिकटिक, एसीची घरघर. मला वाटलं, सगळ्यांच्या पडद्यावर हेच असेल. मग वाटलं, फक्त माझ्याच असेल. शेजारच्याच्या पडद्याकडं बघायला मान वळवली तर पर्यवेक्षक बाई ओरडल्या. मी पर्यायांवर तळहात ठेवला. त्या पुन्हा ओरडल्या, “स्क्रीनला हात नाही लावायचा!” हात काढला. म्हणून. कारण. तरीही. किंवा.

मी ‘तरीही’ दाबलं. पुढचे सहा प्रश्न कसे सोडवले, ते आजही आठवत नाही.

घरी येऊन रत्नमालेला सांगितलं. शिट्टीचं मी तिलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, “पेपर तर तीन-चार महिने आधीच निघालेला असतो. तुम्हाला त्यांनी सांगितलं गेल्या पंधरवड्यात.”

“हो.”

“मग शिट्टी झाली हे बाईंशिवाय कुणाला माहीत असणार?”

त्या रात्री आम्ही दोघांनी कुकर लावला नाही. पातेल्यात भात केला.

उत्तरतालिका यायला नऊ दिवस लागले, निकालाला आणखी बारा. मी पास झालो. ऋतुराज टेबलाशी येऊन “काका, अभिनंदन” म्हणाला. त्यात मला जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही. पेढ्यांचा पुडा आणि उत्तरतालिकेचा कागद घेऊन मी पदमपुऱ्यात गेलो. पास झाल्यावर बाईंकडं परत आलेला मी पहिला माणूस. त्यांना ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाईंचा चेहरा हलला नाही.

“पर्याय?”

मी चार पर्याय सांगितले.

“तुम्ही काय भरलंत?”

“तरीही.”

“तालिकेत?”

“तेच आहे.”

बाईंनी कागद हातात घेतला, एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं. “नुसतं ‘आणि’ असतं तर समजले असते, घाईत होते. ‘तरीही’ म्हणजे मला ऐकू आलं नाही हे त्यांना कळलं होतं. दारात थांबले असतील क्षणभर. आणि बोलले नाहीत.”

एक गोष्ट मला येते, आणि ती मी आयुष्यभर केली आहे. मी म्हणालो, “बाई, आपण माहिती अधिकारात अर्ज टाकू. प्रश्न क्रमांक एकोणीस कुणी काढला, विचारू.”

असा अर्ज मी माझ्या आयुष्यात कधी लिहिला नव्हता. एक शब्द फाजील नाही. सत्ताविसाव्या दिवशी बाईंच्या पत्त्यावर उत्तर आलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. कागदावर एकच ओळ होती: ‘प्रश्नसंच तयार करणाऱ्या तज्ज्ञांची नावे गोपनीय असल्याने माहिती देता येत नाही.’

“नाकारलं,” मी म्हणालो. मला माझीच लाज वाटत होती. “अपील करता येतं, बाई. तीस दिवसांची मुदत आहे.”

“तुमच्या खात्यात एखादी माहिती नसलीच, तर काय लिहितात?”

“निरंक.”

“मग यांनी ‘निरंक’ का नाही लिहिलं?”

मी कागद पुन्हा पाहिला. पंचवीस वर्षं मी असे कागद लिहिले आणि वाचले, आणि हा फरक मला एका शिक्षिकेनं दाखवावा!

“नाव आहे,” मी म्हणालो.

“नाव आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे कुठंतरी बसून अजून वाक्यं लिहितात. चष्मा नवा घेतला असेल.”

“अपील...”

“नको.” बाईंनी कागदाची घडी केली, घडीवर घडी करतच राहिल्या, इतकी बारीक की पुढं मोडेना. “सव्वीस वर्षं मी त्यांच्यावर एकदाही रागावले नाही. माणूस मेला असेल तर त्याच्यावर रागवावं कसं? म्हणून थांबले होते.”

त्या उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला. बाई मूळच्या अजिंठ्याकडच्या एका खेड्यातल्या, हे मला त्या क्षणी कळलं, कारण आयुष्यभर जपलेली ती शुद्ध, सुटी, बाकावर बसवावी अशी भाषा एका झटक्यात खाली पडली.

“आरं ए मुडद्या,” बाई भिंतीकडं बघून म्हणाल्या, “तुझं मढं बशिवलं तुझं...”

आणि सुरू झाल्या. पहिली पाच मिनिटं मी घाबरून दाराकडं सरकत होतो. मग कळलं की मला जायला सांगितलेलं नाही, म्हणून बाकावर बसलो. त्यांचा श्वास संपत नव्हता. शेजारच्या गच्चीवर दोन बायका वाळवण सोडून कठड्याशी आल्या. मांजर हौदावरून उडी मारून पळालं. मी उठून माठातलं पाणी आणून ठेवलं. त्यांनी ते एका घोटात प्यायलं आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू केलं.

मी मराठवाड्यातच जन्मलो, इथंच वाढलो. तरी त्यातले सहा-सात शब्द मला नवीन होते. खिशातून पेन काढलं आणि जवळच्या अर्जाच्या प्रतीमागं उतरवून घेतले.